घर आणि शाळा : सहा दिवसांचा एक धडा

शाळेतून परतलेल्या मुलाला आपण दारातच विचारतो, "आज काय शिकविले?" प्रश्न मायेचा असतो, परंतु पहिली-दुसरीतील मुलाला त्याचे उत्तर सहसा देता येत नाही. "काही नाही," असे म्हणून ते खेळावयास पळते. मग आपण दप्तर उघडून वही चाळतो. पाने भरलेली असली की समाधान वाटते. कोरी दिसली की शाळेविषयी मनात शंका येते. या शंकेचेच निरसन आज करावयाचे आहे. लहान वर्गातील शिक्षणाचे खरे माप एक दिवस हे नसून एक आठवडा हे आहे, आणि तो आठवडा अखंड राखण्याची निम्मी जबाबदारी घराची आहे.

उदाहरणादाखल आपण छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात जाऊ. मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर, गोंदिया व राजनांदगाव मागे टाकून शिवनाथ नदी ओलांडते, तेव्हा दुर्ग येते. आणि दुर्गला लागूनच भिलाई. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या कारखान्यापाठोपाठ देशाच्या निरनिराळ्या भागांतून कुटुंबे येऊन राहिली. त्यामुळे येथील हिंदी माध्यमाच्या वर्गात एकाच ओळीत बसलेल्या मुलांच्या घरी छत्तीसगडी, मराठी, तेलुगू, बंगाली किंवा उडिया बोलली जात असण्याचा संभव असतो. आपले बिऱ्हाड इंदूर, हैदराबाद वा रायपूर येथे असेल, तर ही परिस्थिती आपल्यालाही अनोळखी नाही.

अशा वर्गाचे वेळापत्रक प्रत्येक शाळेत थोडे निराळे असते. तथापि विचारपूर्वक शिकविणारे शिक्षक आठवड्याची आखणी साधारणपणे पुढीलप्रमाणे करतात.

सोमवार हा बोलण्याचा दिवस. रविवारी बाजारात काय पाहिले, शेतावर काय चालले आहे, हे मुले सांगतात. शिक्षक एखादे चित्र दाखवितात. चित्रात कोंबडी असते. छत्तीसगडी घरातील मूल म्हणते "कुकरी", मराठी मूल म्हणते "कोंबडी", आणि पुस्तकात लिहिलेले असते "मुर्गी". जाणते शिक्षक पहिली दोन उत्तरे चूक ठरवीत नाहीत. ते तिन्ही शब्द फळ्यावर लिहितात आणि मग पुस्तकातील शब्दाकडे वळतात. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. छत्तीसगडीत "गोड़" म्हणजे पाय, आणि मराठी मुलाला त्या शब्दाने गुळाची आठवण होते. हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण, तर मराठी मुलाच्या कानी तो शब्द पडला की छडी आठवते. आपण बोललेला प्रत्येक शब्द चूक ठरतो असे एकदा मुलाला वाटले, की ते गप्प बसते; आणि गप्प बसलेले मूल वाचावयास उशिरा शिकते.

मंगळवारी आणि बुधवारी सोमवारच्या गोष्टीतील शब्द फोडून त्यांतील अक्षरे ओळखली जातात. त्याच अक्षरांपासून नवे शब्द जुळविले जातात. गुरुवारी ती अक्षरे असलेली छोटी वाक्ये मुले स्वतः वाचू लागतात. शुक्रवारी शिक्षक एकेकाला जवळ बसवून वाचून घेतात आणि कोण कोठे अडखळतो याची नोंद ठेवतात. म्हणजे सोमवारची गोष्ट हाच गुरुवारच्या वाचनाचा पाया होय. मंगळवारी घरी राहिलेले मूल गुरुवारी वर्गात बसलेले दिसते खरे, पण त्याच्यापुढील वाक्यातील अक्षरे त्याला परकी असतात.

गणिताचेही तसेच. चिंचोके मोजावयाचे, दहा काड्यांचा गठ्ठा बांधावयाचा, मग चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडून ४७ लिहावयाचे, असा हा क्रम असतो. मराठीत "सत्तेचाळीस" आणि हिंदीत "सैंतालीस" म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून कित्येक मुले ७४ लिहितात. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात "वीस एक" अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा तीवर मोठा वाद झाला. परंतु त्या वादाच्या मुळाशी असलेली मुलांची अडचण मात्र खरी होती. ती एका दिवसात दूर होत नाही. गठ्ठे बांधणे, सोडणे आणि पुन्हा बांधणे यांत आठवडे जातात, आणि त्या काळात वहीत लिहावयासारखे फारच थोडे असते. वही कोरी दिसली तरी हात आणि डोके रिकामे नव्हते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

आता शनिवार. २०२२ साली छत्तीसगड शासनाने आपल्या शाळांत शनिवार हा दप्तराविना दिवस ठेवण्याचे ठरविले. व्यायाम, खेळ, गाणी, गोष्टी व हस्तकला यांसाठी हा दिवस. यावर कित्येक पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "पुस्तकच उघडावयाचे नसेल, तर मुलाला घरी ठेवले म्हणून काय बिघडले?"

याचे उत्तर अंगणात पाहावे. बिल्लस खेळण्यासाठी मुले जमिनीवर चौकोन आखतात, त्यांना क्रमांक देतात आणि खापरी टाकून उड्या मारतात. आठवडाभर शिकलेले अंक येथे पायांखाली येतात. फुगडीचे फेरे मोजले जातात. आपल्याकडे ज्या दिवशी पोळा, त्याच दिवशी तिकडे "पोरा" असतो. त्या सुमारास मातीचा नंदीबैल आणि छोटे जाते करताना मुले मोठे-लहान, जड-हलके, गोल-चपटे हे शब्द वस्तू हाती घेऊनच शिकतात. गोष्टीचा तास तर या जिल्ह्याला परका नाहीच. भिलाईजवळील गनियारीच्या तीजनबाईंनी महाभारताच्या कथा लहानपणी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्या. पुढे त्या पंडवानीच्या थोर गायिका झाल्या आणि २०१९ साली पद्मविभूषण या सन्मानास पात्र ठरल्या. कथा कान देऊन ऐकण्याची आणि क्रमाने सांगण्याची सवय ही वाचनाची पूर्वतयारीच होय.

ही कल्पना नवीनही नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तेव्हा मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार तेथे मान्य झाला. वर्धा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. पुढे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले यांवर मुलांचे शिक्षण उभे केले आणि नंतर ते कार्य कोसबाडच्या आदिवासी वस्तीपर्यंत नेले. वर्गातील चिंचोक्यांना अशी थोर परंपरा आहे.

आता थोडा हिशेब करू. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दिवसाला चार तास, आणि सहा दिवसांच्या आठवड्याला २४ तास. एखादे मूल प्रत्येक आठवड्यातील एकच दिवस घरी राहिले, तर वर्षअखेर त्याचे सुमारे १३३ तास बुडतात. हे शाळेचे साडेपाच आठवडे झाले. आजार, लग्नकार्य, धानाची कापणी, धाकट्या भावंडाला सांभाळणे, अशी कारणे प्रत्येक वेळी योग्यच वाटतात; त्यांची बेरीज मात्र कोणी करीत नाही. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने जो निपुण भारत कार्यक्रम सुरू केला, त्यात दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा धरली आहे. बुडालेल्या साडेपाच आठवड्यांची भरपाई शेवटच्या महिन्यातील घोकंपट्टीने होत नाही.

यात भोजनाचाही विचार आहे. प्राथमिक शाळेतील मध्यान्ह भोजनातून प्रत्येक मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. गरीब घरातील मूल शाळेत गेले नाही, तर धड्याबरोबर ते या जेवणासही मुकते.

तेव्हा वाचकहो, घराने काय करावे? पहिली गोष्ट, रोजच्या चौकशीऐवजी शनिवारी संध्याकाळी निवांत बसून मुलाला विचारावे, "या आठवड्यात कोणती गोष्ट ऐकली? मला सांगशील?" त्याने ती घरच्या भाषेत सांगावी. हिंदी किंवा इंग्रजी शाळेत ऐकलेली गोष्ट मराठीत सांगताना मुलाला ती दुसऱ्यांदा समजते, आणि त्याची मराठीही जिवंत राहते. दुसरी गोष्ट, एखादा दिवस बुडालाच, तर त्या आठवड्यातील अक्षरे कोणती होती हे शिक्षकांना विचारून दहा मिनिटे ती घरी गिरवून घ्यावीत. तिसरी गोष्ट, शनिवारला सुट्टी समजू नये. सहलीचा किंवा पाहुण्यांकडे जाण्याचा बेत शाळा सुटल्यानंतरचा करावा.

आणि ज्या घरातील आईवडिलांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, त्यांनीही संकोच बाळगू नये. गोष्ट ऐकून घेण्यास अक्षरओळख लागत नाही. मूल सांगत असताना मध्येच थांबले, तर "मग पुढे काय झाले?" एवढे विचारले तरी पुरे, उरलेले काम सोमवारी शाळा करील.