मायांची देवळे आणि आमची सहल

गेल्या जत्रेच्या वेळी अमेरिकेत स्थायिक झालेले आमचे एक आप्त सहकुटुंब कुळदेवाच्या दर्शनास आले होते. पालखी आटोपली, प्रसाद झाला आणि अग्रशाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी आपल्या मेक्सिकोच्या सहलीची छायाचित्रे आम्हा सर्वांस दाखविली. कान्कूनच्या समुद्रतीरावरून सकाळी मोटारीने निघावे, अरण्यात शिरावे, लोखंडी तारेला लटकून झाडांच्या शेंड्यांवरून घसरत जावे, दोराने पाण्याच्या खोल कुंडात उतरावे, दुपारी माया पद्धतीचे म्हणून जेवण करावे आणि उन्हे कलण्यापूर्वी कोबा येथील प्राचीन देवळांचे अवशेष पाहून रात्री पुन्हा हॉटेलात परतावे, असा तो एका दिवसाचा कार्यक्रम. कुंडात उतरण्यापूर्वी एका वृद्ध पुरुषाने धूप जाळून सर्वांस आशीर्वाद दिला, त्याचेही छायाचित्र होते. ते दाखविताना आप्त हसून म्हणाले, "हा त्यांचा भटजी, तिकिटातच धरलेला!" ओसरीवर हशा पिकला. देवळाच्या चौकाची धूळ ज्यांच्या पायांस अजून लागलेली होती, तेच आम्ही हसलो. त्या हशाची पुढे लाज वाटली, म्हणून हा लेख.

सहलीच्या पत्रकात मायांची संस्कृती लुप्त झालेली आणि त्यांची नगरे हरवलेली, असे छापले होते. हे दोन्ही शब्द असत्य आहेत. नवव्या शतकात दक्षिणेकडील अनेक थोर नगरे ओस पडली हे खरे. परंतु नगर ओस पडणे आणि माणसे नाहीशी होणे या गोष्टी भिन्न होत. माया कुळातील सुमारे तीस भाषा आजही बोलल्या जातात आणि त्या बोलणारे लोक मेक्सिको, ग्वातेमाला व बेलीज मिळून साठ लाखांच्या आसपास आहेत. त्यांपैकी युकातानी माया भाषा बोलणारे २०२० च्या मेक्सिकोच्या जनगणनेत सात लाखांहून अधिक भरले. कोब्याच्या वाटेवर प्रवाशांस तीनचाकी सायकलीवर बसवून नेणारा मनुष्य, दुपारच्या जेवणासाठी मक्याच्या भाकरी थापणारी बाई, कुंडाच्या काठी दोर धरून उभा राहणारा पोरगा, यांच्या घरी बहुधा तीच भाषा चालते. ज्यांनी ते नगर वसविले त्यांचा वंशज समोर घाम पुसत उभा आहे आणि त्याच्यादेखत, तुझे लोक केव्हाच नाहीसे झाले, असे परक्यांस सांगितले जाते! याहून मोठा उपमर्द कोणता?

बरे, जे नाहीसे झाले ते आपोआप झाले काय? १२ जुलै १५६२ या दिवशी युकातानातील मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मायांच्या देवमूर्ती आणि सत्तावीस पोथ्या जाहीररीत्या जाळल्या. त्या होळीपूर्वी गावोगावच्या लोकांस मूर्तिपूजेच्या आरोपावरून टांगून यातना देण्यात आल्या होत्या. हाच मनुष्य पुढे युकातानचा बिशप झाला. मायांच्या लिपीतील असंख्य ग्रंथांपैकी आज अवघ्या चार पोथ्या जगात उरल्या आहेत. इसामाल येथील मठ मायांच्या देवळाच्या चौथऱ्यावर उभा आहे आणि त्याचे दगडही देवळांचेच आहेत.

गोमंतकीय वाचकास ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. मानीच्या होळीच्या दोनच वर्षे आधी, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. त्याच दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आपापली ग्रामे सोडून जुवारीपार अंत्रुज महालात आली. त्या रात्री डोक्यावर देव घेऊन नदी ओलांडणाऱ्या पूर्वजांची आठवण आपण आजही कुळाचारात जपतो. आपणांस पलीकडच्या तीराचा आसरा होता. युकातानच्या मायांस ओलांडता येईल अशी नदीही नव्हती. कारण त्या चुनखडीच्या प्रदेशाच्या उत्तर भागात भूपृष्ठावरून नद्या वाहतच नाहीत. पाणी भूमीच्या पोटातून जाते आणि जेथे खडकाचे छत कोसळले तेथे कुंड होऊन प्रकट होते. हीच ती 'सेनोते'. पाण्याचा तो मुख्य ठाव, म्हणून ते पूजास्थान. त्यांना आसरा मिळाला तो अरण्याचा.

ज्या किंताना रोच्या रानात आज तारेवरून घसरण्याची मौज चालते, त्याच रानात हे लोक १८४७ पासून १९०१ पर्यंत परसत्तेविरुद्ध लढले. चान सांता क्रूस हे त्यांचे देवस्थानही होते आणि राजधानीही. मेक्सिकोच्या सैन्याने ते घेतले तेव्हा विसावे शतक उजाडले होते. कान्कूनचे हॉटेलनगर तर १९७० नंतरचे. अर्ध्या शतकाच्या या संग्रामाविषयी पत्रकात एक ओळ नाही. साहस कोणाचे आणि त्याचा मान कोणास, याचा विचार वाचकांनीच करावा.

शोध या शब्दाचाही असाच समाचार घेतला पाहिजे. १८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाने कोपानचे सबंध प्राचीन नगर पन्नास डॉलरांस घेतले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस एडवर्ड थॉम्प्सन या अमेरिकन वाणिज्यदूताने चिचेन इत्झाची जमीन अवशेषांसह खरेदी केली आणि १९०४ पासून तेथील पवित्र कुंडाचा गाळ यंत्राने उपसून देवास वाहिलेले सोने, पाचूसारखे हिरवे मणी आणि धुपाचे गोळे हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयास पाठविले. त्यांतील काही वस्तू पुढे परत आल्या, सर्व नव्हेत. चिचेन इत्झाच्या मुख्य अवशेषांखालची जमीन तर २०१० साली युकातान सरकारने विकत घेईपर्यंत खासगी कुटुंबाच्या मालकीची होती. आपल्या कुळदेवाच्या तळीत कोणी यंत्र लावून देवीचे दागिने उपसले आणि त्या कृत्यास संशोधन म्हटले, तर आपले महाजन काय करतील?

यावर कोणी म्हणेल की ही देवळे केव्हाच मृत झाली, तेथे पूजा होत नाही. हाही समज खोटा आहे. चियापासच्या अरण्यातील लाकान्दोन लोक याशचिलान आणि बोनाम्पाक येथील भग्न देवळांत विसाव्या शतकातही धूप जाळण्यास जात. १९४६ साली बोनाम्पाकची भित्तिचित्रे बाहेरच्या जगास प्रथम दिसली, ती लाकान्दोनांनीच वाट दाखविली म्हणून. कोब्यातील एका उंच देवळास गावकरी 'इग्लेसिया', म्हणजे चर्च, म्हणतात. तेथील कोरीव शिळेपुढे शेतकरी पिकासाठी मेणबत्त्या लावीत आले आहेत. युकातानच्या खेड्यांत पाऊस लांबला की चाक या पर्जन्यदेवाचे आवाहन होते आणि वेदीखाली बसविलेली मुले बेडकांसारखी ओरडतात. आपल्याकडील धोंडीची प्रथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे दृश्य सांगण्याची गरज नाही.

ग्वातेमालात तर हा प्रश्न अधिक स्पष्टपणे मांडला गेला. १९९५ च्या शांतताविषयक करारात मायांचा आपल्या प्राचीन देवस्थानांतील पूजेचा हक्क शासनाने मान्य केला. मार्च २००७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बुश यांनी इशिमचे येथील अवशेषांस भेट दिली, तेव्हा ते गेल्यावर मायांच्या पुरोहितांनी त्या जागेची शुद्धी केली. जगातील वृत्तपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली. विटाळलेल्या गर्भगृहाची शुद्धी म्हणजे काय हे ज्यांस कळते, त्यांनी तरी ती गंमत मानू नये. आणि डिसेंबर २०१२ मध्ये, मायांच्या पंचांगाप्रमाणे जगाचा अंत होणार या पाश्चात्त्य वावडीपायी तिकालच्या देवळाभोवती सहस्रावधी प्रवासी जमले. मनाई असता पायऱ्या चढले आणि दगडांची हानी करून गेले. ज्या अंताविषयी मायांनी काही म्हटलेच नव्हते, त्याच्या नावाने त्यांचेच देऊळ तुडविले गेले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला मुद्दा पोटाचा. या सहलींमुळे खेड्यातील लोकांस रोजगार मिळतो आणि रान तुटत नाही. हे सत्य आहे व आम्ही ते नाकारीत नाही. अनेक ठिकाणी कुंडे गावाच्या सामाईक मालकीची असून त्यांचे शुल्क गावकरीच घेतात, हे उचितच होय. आमचा आक्षेप गावकऱ्यांच्या मिळकतीवर नाही; तिकिटात धरलेल्या आशीर्वादावर आहे. उपाध्यायास पोट आहे, तो दक्षिणा घेईल. पण त्याच्या मंत्रावर हसण्याचा परवाना त्या दक्षिणेबरोबर मिळत नाही.

दुसरा मुद्दा नरबळीचा. त्या कुंडांतून माणसांची हाडे निघाली आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु पूर्वजांच्या क्रौर्यासाठी आजच्या वंशजांची पूजास्थाने खेळाचे मैदान करावयाची असतील, तर त्या न्यायाने कोणत्या धर्माचे मंदिर वाचेल? सतीच्या चितेची आठवण ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांनी हा न्याय मागताना जपून बोलावे.

आणि आता आपल्याच घरातील एक दोष सांगितला पाहिजे. आमचे आप्त त्याच ओसरीवर पुढे म्हणाले, "हे सारे मुळात आपलेच. मयासुराने बांधलेले!" वृद्ध मंडळींनी माना डोलावल्या. चमनलाल यांचे 'हिंदू अमेरिका' हे पुस्तक १९४० साली निघाले तेव्हापासून ही समजूत आपल्या सभामंडपांतून फिरत आहे. पांडवांची सभा बांधणारा मय आणि हे माया लोक यांत नामसादृश्यापलीकडे काही नाही. मायांची गणना वीस या संख्येवर उभी आहे. त्यांचे एक पंचांग दोनशे साठ दिवसांचे आहे आणि ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील दिनगणक ते आजही अखंड पाळतात. शून्याची खूण त्यांनी स्वतंत्रपणे योजिली. त्यांच्या 'पोपोल वूह' या ग्रंथात मनुष्य मक्याच्या पिठापासून घडविला गेला आहे. आणि मका हे धान्य आपल्या देशात आले तेच मुळी अमेरिकेतून! पाद्र्याने त्यांचे देव सैतानाचे ठरविले, सहलवाल्याने ते लुप्त ठरविले आणि आपण ते आपले ठरवितो. तिघांच्या निकालात त्या देवांचे खरे धनी कोठेच नाहीत. पहिल्या दोघांवर रागावण्याचा अधिकार हवा असेल, तर तिसरी गोष्ट आपण आजच सोडली पाहिजे.

मग सहलीस जाऊच नये काय? अवश्य जावे. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळही दाट रानात आहे. तेथे परदेशी प्रवासी येतात आणि आपण त्यांस अडवीत नाही. त्यांनी पादत्राणे बाहेर ठेवावीत, नंदीवर बसू नये आणि पूजा चालू असता आवाज करू नये, एवढीच आपली अपेक्षा असते. तेवढीच अपेक्षा परक्याच्या अरण्यात आपणांकडून पुरी व्हावी. वाटाड्या स्थानिक माया असेल असे पाहावे आणि त्याला त्याच्या भाषेत त्या जागेचे नाव विचारावे. जेथे चढण्यास मनाई आहे तेथे चढू नये. तिकिटात आशीर्वाद धरला असेल, तर तो नको असे आधीच कळवावे. सोबत मुले असतील तर त्यांस मानीची गोष्ट सांगावी आणि तिच्या जोडीला कुशस्थळीची.

आमचे आप्त पुढील वर्षी पुन्हा जत्रेस येणार आहेत. त्यांनी ती छायाचित्रे पुन्हा अवश्य आणावीत. मात्र त्या वेळी त्या वृद्ध पुरुषाचे नाव काय आणि तो कोणत्या गावचा, हे त्यांनी आम्हांस सांगावे. गेल्या खेपेस ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि ओसरीवर बसलेल्या आमच्यापैकी कोणी विचारलेही नाही.