नवी विद्या आणि हिशेबाची शिस्त

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणीही तिला येऊन मिळते. त्यातच समुद्राला भरती असली, तर पुराच्या पाण्याला ओसरण्यास वाट उरत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड-पोलादपूरकरांनी हेच अनुभवले. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. महाडच्या बाजारपेठेत दुकाने आणि वखारी मालासह पाण्याखाली गेल्या.

अशा बाजारपेठेतील घरांत आज एखादा नातू वा नात हातात छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी आणि चार रंगीत तारा घेऊन बसलेली दिसते. ‘याचा धंद्याला उपयोग काय?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

‘आर्डुइनो’ ही पाटी २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी जन्मली. इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यंत्राला आज्ञा देता यावी, हा तिचा हेतू होता. तिच्या ‘उनो’ या प्रकारात एकच मुख्य चिप असते. आज्ञा साठविण्यास ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबास अवघी २ किलोबाइट जागा असते. पाटी ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे मुलांना घरातील २३० व्होल्टच्या विजेला हात लावण्याचे कारण नाही, आणि लावूही देऊ नये. पाटी, जोडणीचा फलक, संवेदक आणि भोंगा हे सारे साधारण हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे साखरेच्या एका पोत्याहून कमी किमतीत येते.

हाताने करून शिकण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचाराने. शाळेत मागे पडलेल्या मुलांनी तेथे गावाच्या गरजेच्या वस्तू बनवीत विज्ञान शिकले. गावची गरज हाच धडा मानला, तर महाडच्या मुलांसाठी पहिला धडा पाण्याचाच असला पाहिजे.

दुकानामागच्या गटारावर, पागोळीच्या आत, एक श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक टांगला आहे अशी कल्पना करावी. तो कानाला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणून जाऊन येण्यास दर सेंटिमीटरमागे सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. ११,६०० मायक्रोसेकंद लागले, तर तळ २०० सेंटिमीटर खाली आहे. अंतर १५० झाले की भोंगा थांबूनथांबून वाजावा, १०० झाले की सतत वाजावा. एवढा कार्यक्रम आठवी-नववीतील मूल काही दिवसांत लिहू शकते.

खरे शिक्षण यानंतर सुरू होते. तार सुटली वा प्रतिध्वनी आलाच नाही, तर नेहमीची आज्ञा ‘शून्य’ हा आकडा परत करते. घाईने लिहिलेला कार्यक्रम त्याचा अर्थ ‘पाणी काठोकाठ आले’ असा लावतो आणि भोंगा उगाच वाजतो. त्याला कंटाळून मुलाने सगळी शून्ये गाळून टाकली, तर तुटलेल्या तारेचे यंत्र पुराच्या रात्री गप्प बसते. खतावणीत कोरी जागा आणि शून्य शिल्लक यांत फरक असतो, हे व्यापारी घरातील मुलाला सांगावे लागत नाही. तोच फरक येथे पाळायचा: शून्य आले तर ‘ऐकू आले नाही’ अशी वेगळी नोंद आणि तिच्यासाठी वेगळा दिवा हवा.

एकाच मोजमापावर विसंबणेही धोक्याचे. वाहत आलेले पान वा फांदीही खोटा आकडा देऊ शकते. म्हणून पाच मोजमापे घेऊन त्यांतले मधले धरावे. दोनदा खोटा भोंगा वाजला, तर ‘लांडगा आला’ या गोष्टीप्रमाणे तिसऱ्यांदा कोणी उठणार नाही.

पुरात वीज जाते, म्हणून बॅटरी हवी. पण काही पॉवर बँका अल्प प्रवाह ओढला गेल्यास आपोआप बंद पडतात, हे आधी तपासावे. पहिल्या दिवशी शिकलेला, सेकंदाला लुकलुकणारा दिवाही काढून टाकू नये. तो थांबला, म्हणजे यंत्राकडे कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे.

या यंत्राची मर्यादा मुलांनी आणि मोठ्यांनीही ओळखावी. ते गटारातले पाणी सांगते. महाबळेश्वरचा पाऊस, खाडीची भरती वा डोंगराची भेग त्याला दिसत नाही. प्रशासनाने घर सोडण्यास सांगितले आणि भोंगा गप्प असला, तरी घर सोडावे. वेळेवर भोंगा वाजला, तर गल्ल्यातील वह्या आणि खालच्या थप्पीचा माल माळ्यावर चढविण्यास थोडा अवधी मिळेल. तेवढ्यासाठीही हा खटाटोप सार्थ आहे.

पावसाळ्यापूर्वी दुकानाच्या पत्र्यांची डागडुजी होतेच. त्याच आठवड्यात संवेदकाखाली पिंप ठेवून त्यात बादलीने पाणी ओतावे, पट्टीने मोजावे, यंत्राचा आकडा ताडून पाहावा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावा. ती वही आजोबांनी तपासावी. संवेदकाचे ज्ञान त्यांना नसले, तरी न जुळणारा आकडा त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.