पाल आणि राहुटी

डोंगरात पायी हिंडणाऱ्या आमच्या तरुण मंडळींत हल्ली जो प्रश्न वारंवार चर्चिला जातो, तो असा की, रात्रीच्या निवाऱ्यासाठी पाठीवर तंबू वाहून न्यावा, की ज्याला ते ‘टार्प’ म्हणतात त्या हलक्या ताडपत्रीवर भागवावे. प्रश्न नवा असला तरी वस्तू नवी नाही. मेंढरांमागे रानोमाळ फिरणारा धनगर माळावर जे पाल ठोकतो, त्याचेच हे हलके रूप आहे. सह्याद्रीपुरता आणि पावसाळ्याचे महिने वगळून बोलायचे, तर माझा कौल निःसंशय पालाच्या बाजूने आहे.

प्रथम वजनाचा हिशेब. बाजारात सहज मिळणारा दोन माणसांचा तंबू दांड्या-मेखांसह दोन ते तीन किलो भरतो; सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचे दहा फूट लांब व आठ फूट रुंद पाल अर्ध्या किलोच्या आसपास उरकते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना, जेथे कातळावर हातापायांनी पकड घेत वर सरकावे लागते, तेथे हा फरक गुडघ्यांना तत्काळ कळतो. शिवाय वाचलेल्या वजनात दोन लिटर पाणी बसते, आणि उन्हाळ्यात गडावरची टाकी आटू लागल्यावर त्या पाण्याचे मोल काय, हे तहानलेल्यालाच विचारावे. १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या अमेरिकन आजींनी तंबूवाचून, पावसाच्या बचावाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा बरोबर घेऊन, सुमारे ३,३०० किलोमीटरांची ॲपलाचियन वाट एकटीने पार केली, हा दाखलाही पुरेसा बोलका आहे.

परंतु मला पालाची खरी महती पटली ती दवामुळे. डिसेंबरातील एका निरभ्र रात्री हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यामागच्या पठारावर आम्ही दोघे बंदिस्त तंबूत झोपलो होतो. पहाटे पाहतो तो आतले कापड ठिबकत होते आणि पांघरुणे ओलसर झाली होती. बाहेर पावसाचा थेंब नव्हता; ते सारे पाणी आमच्याच श्वासातील बाष्पाचे, थंड कापडावर जमलेले होते. उघड्यावर झोपावे, तर निरभ्र आकाशाखाली अंथरूण उष्णता गमावून निवते आणि त्यावर दव धरते. पाल या दोन्ही आपत्तींच्या मधोमध उभे राहते: माथ्यावरचे आच्छादन अंथरुणाला आकाशापासून झाकते, आणि मोकळ्या बाजूंनी वाहणारा वारा श्वासाचे बाष्प साचण्यापूर्वीच घेऊन जातो. मात्र भिजलेले नायलॉन सैल पडते, म्हणून निजण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढून घ्यावेत; आणि वारा ज्या अंगाने येतो, ते अंग जमिनीलगत ठेवावे.

तंबूच्या पक्षकारांचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, तो जमिनीवरच्या जीवांचा. खडकाळ माळावर फुरसे आणि विंचू असतात, आणि चेन लावलेला, तळ शिवलेला तंबू त्यांच्यापासून जे अभय देतो, ते नुसते पाल देऊ शकत नाही. म्हणून पालाखाली तळ शिवलेली हलकी मच्छरदाणी टांगावी, सुटे दगड व वाळके गवत यांपासून दूर अंथरूण घालावे आणि सकाळी बूट झटकल्याखेरीज पायांत घालू नयेत. एवढा बंदोबस्त ज्याच्या हातून होणार नाही, त्याने खुशाल तंबू न्यावा. हिमालयात, वृक्षरेषेच्या वर जेथे बर्फाचे वादळ उठते, तेथे तर पालाचा हट्ट हा अविचार होय. आणि पावसाळ्यात, वारा पावसाला आडवा झोडपत असताना, गडमाथ्यावर दोहोंपैकी काहीच ठोकू नये. हरिश्चंद्रगडी गेल्यास पायथ्याच्या पाचनई किंवा खिरेश्वर येथे एखाद्या घरात पथारी पसरावी.

उरलेल्या महिन्यांत मात्र, ज्याला पाल बांधता येते, त्याला पुढे वारा ओळखता येतो, उतार पारखता येतो, दोन झाडांमध्ये आढ्याची दोरी कोणत्या उंचीवर ताणावी हे उमगते. तंबूच्या तयार साच्यात ही विद्या फारशी शिकावी लागत नाही, आणि माझ्या मते हे नुकसान वजनाहून मोठे आहे. तेव्हा दिवाळीनंतर डोंगरात निघणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच, की गडावर जाण्यापूर्वी एक रात्र गावाजवळच्या माळावर पाल ठोकून काढावी, गाठी अंधारात चाचपून बांधून पाहाव्यात, आणि मगच तंबू घरी ठेवून वाटेला लागावे.