खानदेशात क्लाऊनफिश: टाकीच्या आधी खाद्य

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा, २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. प्रवाळाच्या उथळ समुद्रात समुद्रपुष्पांच्या आसऱ्याने राहणाऱ्या या माशाची पैदास घरच्या टाकीत करता येते. समुद्र जवळ नसलेल्या जळगाव-धुळ्याकडे हा जोडधंदा होऊ शकेल का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. उत्तर देण्याआधी या माशाचे जगणे समजून घ्यावे लागेल.

पहिली अडचण पाण्याची वाटते, पण ती सुटणारी आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात खाण्याचे मीठ बरेच असले तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमही ठरावीक प्रमाणात लागतात, त्यामुळे किराणा दुकानातले मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्री क्षार वापरावे लागतात. शंभर लिटरच्या टाकीला ते साडेतीन किलो लागतात. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड आणि नळाचे पाणी क्लोरिनयुक्त असते, म्हणून क्षार आरओच्या पाण्यातच मिसळलेले बरे.

टाकी भरली म्हणजे तयार झाली असे होत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बऱ्याच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमधल्या खडीवर आणि स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात, त्यातही उष्णता असेल तर, अमोनियाचा विषारी अंश वाढतो. घाईने मासे सोडणाऱ्याचे नुकसान बहुधा याच टप्प्यावर होते.

खानदेशात खरी कसोटी लागते ती हवेची. या माशाला २६ ते २८ अंशांचे पाणी मानवते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. मात्र आपला उन्हाळा कोरडा आहे आणि इथे तो उपयोगी पडतो. टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी थंड होते. माठाचे पाणी गार होते ते याच नियमाने. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, आपल्याकडे चालतो. फक्त कूलर लावून बंद केलेल्या खोलीत हवेतला ओलावा वाढतो आणि पंख्याचा गुण कमी होतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

या उपायाला एक किंमत आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. शंभर लिटरमधले पाच लिटर उडाले की उरलेल्या पाण्यात लिटरमागे ३५ ऐवजी सुमारे ३७ ग्रॅम क्षार होतात, दहा लिटर उडाले की ३९. म्हणून टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढून ठेवावी आणि तूट रोज साध्या आरओच्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. थंडीत उलटे होते. धुळ्याचा पारा एक आकडी झाला की त्याच टाकीला हीटर लागतो.

जोडी जमवणे त्या मानाने सोपे आहे. प्रत्येक क्लाऊनफिश आधी नर होऊ शकतो आणि नंतर मादी. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर. मादी मेली तर नराचीच मादी होते. म्हणून नर-मादी ओळखून विकत घ्यायची गरज नाही. लहानमोठी दोन पिल्ले एकत्र सोडली आणि वर्ष-दीड वर्ष धीर धरला की जोडी तयार होते. समुद्रपुष्पही लागत नाही, मातीची आडवी कुंडी पुरते. शोभेसाठी प्रवाळाचे दगड मात्र आणू नयेत, खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत.

अंडी देण्याआधी जोडी कुंडीची एक बाजू तोंडाने घासून स्वच्छ करते. मग मादी त्या जागेवर काहीशे नारिंगी अंडी ओळीने चिकटवते आणि नर मागून फिरत ती फळवतो. पुढचे सात-आठ दिवस नर पंखांनी अंड्यांवर सतत पाणी ढकलत राहतो, खराब झालेले अंडे तोंडाने उचलून टाकतो. आठवड्याअखेर प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळ्यांची जोडी चमकू लागते. ती दिसली की त्याच किंवा दुसऱ्या रात्री, दिवा मालवल्यानंतर तास-दोन तासांत, पिल्ले बाहेर पडतात. जमलेली जोडी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते.

इथवरचे काम चिकाटीच्या कोणत्याही घराला जमेल. पुढचे दहा दिवस मात्र वेगळे आहेत. नुकतेच जन्मलेले पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे असते आणि हलणारे, तोंडात मावेल असेच खाद्य खाते. पिठासारखे कोरडे खाद्य त्याला दिसतच नाही म्हटले तरी चालेल. त्याला रोटिफर लागतात, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते तिसऱ्या हिश्शाएवढे सूक्ष्म जलचर. काचेच्या पेल्यात थोडे पाणी घेऊन मागून विजेरी धरली, तर ते तरंगत्या पांढऱ्या धुळीसारखे दिसतात, फक्त ही धूळ स्वतःहून हलते.

हिशोब केला की कामाचा आवाका कळतो. पिल्लांच्या टाकीत दर मिलिलिटरला दहाएक रोटिफर असावे लागतात. चाळीस लिटरच्या टाकीत ते चार लाख होतात आणि खाल्ले जातील तसे रोज नवे द्यावे लागतात. म्हणजे रोटिफरची वेगळी बादली हवी. रोटिफरही उपाशी राहत नाहीत, त्यांना नॅनोक्लोरोप्सिससारखे सूक्ष्म हिरवे शैवाल लागते, त्याच्या वेगळ्या बाटल्या हव्यात. आठवड्याने आर्टेमियाची, म्हणजे मिठागरांत आढळणाऱ्या कोळंबीच्या दूरच्या नातलगाची, नुकती उबवलेली पिल्ले द्यायची. दहा ते चौदा दिवसांत पट्टे उमटू लागतात, पिल्ले तळाकडे वळतात आणि धोका ओसरतो.

अंडी फुटण्याच्या दिवशी रोटिफरची बादली तयार नसेल तर सगळी पिल्ले उपासमारीने मरतात. बादली तयार असूनही रात्री दोनला वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर सकाळी तळाशी पांढरा थर दिसतो. हवेचा पंप अगदी कमी वीज खातो, लहान इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो. टाकीच्या आधी इन्व्हर्टर घ्यावा, असे आम्हाला आग्रहाने म्हणायचे आहे.

आता धोरणाकडे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्य केंद्राचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. पण हे केंद्र मासे वाढवण्यासाठी आहे, पैदाशीसाठी नाही. वाढवायची पिल्ले कोठून आणायची, हे खानदेशातल्या अर्जदाराने आपले आपण पाहायचे.

किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले आहे. ठाणे खाडीच्या काठी ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या तांत्रिक मदतीने क्लाऊनफिशचे उबवणी केंद्र उभारले. नाजूक दिवस केंद्राने सांभाळायचे आणि तगलेली पिल्ले वाढवण्याचे काम स्थानिक लोकांनी करायचे, हा त्यामागचा विचार. केरळातील विळिंजम आणि तामिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही या माशाच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे.

ही वाटणी खानदेशाला परकी नाही. इथल्या केळी उत्पादकाने ग्रँड नैनची ऊतीसंवर्धित रोपे स्वीकारली, पण म्हणून कोणी शेतात प्रयोगशाळा काढली नाही. निर्जंतुक बाटलीतले रोप प्रयोगशाळेत वाढते, शेडनेटमध्ये कणखर होते आणि मग शेतकऱ्याच्या हाती येते. क्लाऊनफिशचे पहिले दोन आठवडे त्या बाटलीसारखेच आहेत. एकाच घराने शैवाल, रोटिफर, अंडी, पिल्ले आणि विक्री हे सगळे एकट्याने पेलावे ही अपेक्षा आम्हाला चुकीची वाटते. हौशी माणसाने जरूर करून पाहावे. पोटापाण्यासाठी येणाऱ्या महिला बचत गटाला मात्र या जोखमीत ढकलू नये.

म्हणून अनुदानाच्या अर्जांआधी जळगाव आणि धुळे मिळून एक उबवणी केंद्र हवे. शैवालाचे शुद्ध वाण सांभाळणे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला अवघड नाही. जे घरी पैदास करू पाहतात त्यांनाही तिथून रोटिफरची बाटली मिळाली तर बुडालेली बादली दोन दिवसांत पुन्हा उभी राहील. घरांना पिल्ले द्यावीत ती ऑक्टोबरअखेर. टाकी सप्टेंबरातच बसवलेली असावी, डिसेंबर-जानेवारीत हीटर चालवावा. तीन-चार महिन्यांत मासे विक्रीजोगे होतात, म्हणजे एप्रिलची झळ लागण्याआधी टाकी रिकामी होते.