सेवेचा हिशेब

आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आप्पा बेलवलकरांसाठी आपण डोळे पुसत आलो आहोत. पण घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची कूस रात्री कोण पालटते, हे कधी कुणी विचारले काय?

“आईबापांच्या सेवेचा का कुठे हिशेब करायचा?” असे म्हणणारे ती सेवा सहसा स्वतः करीत नसतात! पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी, म्हणजे दिवसाकाठी १२ वेळा, कूस पालटावी लागते. हा पहारा महिन्याला ७२० तासांचा. आणि तो बहुधा सुनेच्या माथी. गंमत अशी, की आईवडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलगा, मुलगी व नातवंडे यांना जबाबदार धरतो. सुनेचे त्यात नावही नाही. त्यातली कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये, म्हणजे तासाला १४ रुपयेसुद्धा नव्हेत! सरकारी ‘श्रावणबाळ’ निराधारांना १,५०० देतो. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून मिळालेले ‘आयुष्मान’चे ५ लाखांचे छत्र इस्पितळातल्या उपचारांपुरते, घरच्या खाटेपाशी ते पोचत नाही.

म्हणून यंदा लक्ष्मीपूजनाच्या वहीत हे खातेही उघडा. भाऊबीजेला भावंडे जमतील, तेव्हा दुरून फोनवर प्रकृती विचारणाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा: पैशांचा, नाहीतर जागरणांचा. दोन्ही जमत नसेल, त्यांनी निदान संस्कारांवर व्याख्यान तरी देऊ नये.