शिवी कोणाची, नाव कोणाचे?

मराठीतील गेल्या अर्धशतकातील काही महत्त्वाच्या आत्मकथनांची नावे एकापाठोपाठ वाचली तर ती शिव्यांची यादी वाटावी. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), भीमराव गस्ती यांचे 'बेरड'. गावाने ज्याला कधी आपले म्हटले नाही तो उपरा. तोळ्याचे मासे बारा. ज्याच्या जन्मात एक मासा कमी भरला असे गावाने ठरवले तो अक्करमाशी. दिसेल ते उचलतो असा ज्याच्यावर जन्मतःच आरोप ठेवला गेला तो उचल्या. 'उपरा' आणि 'उचल्या' यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले आणि ही पुस्तके विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेली. ज्या शब्दांनी पूर्वी माणूस गप्प बसवला जाई, तेच शब्द ग्रंथालयाच्या फळीवर मानाने उभे राहिले.

यातूनच एक आक्षेप निघतो. तो सनातनी मंडळींच्या तोंडी असतो तसा पुरोगाम्यांच्या शिबिरांतही दबक्या आवाजात ऐकू येतो. 'त्यांनी छापले तर साहित्य आणि इतरांनी उच्चारले तर अपमान, हा कोणता न्याय? शब्द वाईट असेल तर सर्वांनाच वाईट, चांगला असेल तर सर्वांनाच चांगला. समतेच्या चळवळीने भाषेत तरी दोन मापे ठेवू नयेत.' हे म्हणणे वरवर तर्कशुद्ध दिसते, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

आक्षेप घेणाऱ्यांच्या रोजच्या मराठीपासूनच सुरुवात करावी. वृद्धेला फसवून दागिने पळवणाऱ्याला वृत्तपत्र सहजपणे 'भामटा' म्हणते. निगरगट्ट माणसाला घरोघरी 'बेरड' म्हणतात. केस विंचरले नाहीत म्हणून आई मुलीला कैकाडीण ठरवते आणि अविचारी उतावळेपणाला सुशिक्षित वक्ता 'घिसाडघाई' म्हणतो. यांतील भामटा, बेरड आणि कैकाडी ही नावे महाराष्ट्र शासनाच्या चौदा विमुक्त जातींच्या यादीत आहेत. घिसाडी ही लोहारकाम करीत फिरणारी भटकी जमात आहे. जनगणनेच्या कागदावर जे नाव माणसाच्या समाजाचे, तेच शब्दकोशात दुर्गुणाचे. असे शब्द वापरणाऱ्याच्या मनात बहुधा द्वेष नसतो. पण द्वेष नसतानाही ते चालतात, इतके ते भाषेत मुरले आहेत.

हे मुरणे आपोआप झालेले नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला हा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याने गुन्हा व्यक्तीच्या कृत्यातून काढून समाजाच्या नावात घातला. नाव नोंदवले की हजेरी आली, गाव सोडायला परवाना आला आणि अनेकांच्या वाट्याला तारेच्या कुंपणातील वसाहत आली. सोलापूरच्या अशा वसाहतीतील स्त्री-पुरुष तेथील कापडगिरण्यांत राबले. कुंपणात राहणाऱ्या, परवानगीवाचून कोठेही जाऊ न शकणाऱ्या मजुराला मजुरीबद्दल घासाघीस करता येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राचा ग्रंथ नको. 'भामटा' किंवा 'कैकाडी' हा शब्द त्या वेळी नुसते वर्णन नव्हता. माणसाचे श्रम, वास्तव्य आणि हालचाल यांवरचा तो सरकारी शिक्का होता. बलुतेदारीतही हेच घडले होते. जातीच्या नावाने मारलेली हाक म्हणजे कामाचा हुकूम असे, आणि त्या कामाचा मोबदला हाक मारणाराच ठरवीत असे.

१९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. मात्र सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी जुना संशय नव्या दाराने आत घेतला. तुरुंगाच्या नियमावल्यांतून त्याच्या खुणा पुसण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. कैद्यांना जातीवरून कामे वाटून देणे त्याच निकालाने घटनाबाह्य ठरवले. कायदा जाऊन सात दशके लोटल्यानंतरही शब्दामागची व्यवस्था किती शिल्लक होती, याचा हा पुरावा.

या पार्श्वभूमीवर 'दोन मापां'चा आक्षेप पाहावा. एकच कर्जखत सावकाराच्या हाती असते तेव्हा ते वसुलीचे हत्यार असते आणि कुळाने न्यायालयात दाखल केले की तो लुबाडणुकीचा पुरावा होतो. कागद तोच, अक्षरे तीच. दोघांच्या हाती त्याचा अर्थ एकच असावा असा आग्रह कोणी धरीत नाही. गायकवाडांनी 'उचल्या' हे नाव मुखपृष्ठावर घातले ते असेच कर्जखत चव्हाट्यावर मांडणे होते. गाव ज्यांना चोर म्हणते त्यांची चोरी कोणी घडवली, पोलीस आणि पाटील यांचा त्यात वाटा किती, याचा हिशेब पुस्तकात येतो. त्याच शब्दाने फौजदार दरडावतो तेव्हा हिशेब देण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

मराठी समाजात ही कृती नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 'शूद्रातिशूद्र' ही संज्ञा धर्मग्रंथांच्या हातून काढून घेऊन तिला संघटनेचे नाव केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. बहिष्कार घालणाऱ्यांकडे बोट दाखवण्याचे काम त्या नावानेच केले. मात्र शोषिताने स्वतःसाठी वापरलेला प्रत्येक हीन शब्द बंडाचाच असतो असेही नाही. चोखोबांनी अभंगांत आपली जात वारंवार सांगितली; तीत वेदना आहे, प्रश्न आहे, पण दाद मागायची ती देवाच्या दारी. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मध्ये भाड्याच्या खोलीसाठी नाव लपवावे लागते. सांगणे, लपवणे आणि मुखपृष्ठावर छापणे या तिन्ही गोष्टी माणसाभोवतीची परिस्थिती ठरवते. छापण्याचे बळ संघटनेतून येते.

देशाच्या कायद्यानेही बोलणारा कोण हा प्रश्न गैरलागू मानलेला नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीलाच लागू होते, आणि लोकांदेखत जातिवाचक शिवीगाळ करणे हा २०१५ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. मात्र याच कायद्यात एक मोठी फट आहे. महाराष्ट्रातील बहुतेक विमुक्त जाती या दोन्ही याद्यांत नाहीत. विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात. उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत. म्हणजे जी शिवी नागपूरच्या रहिवाशाला दिल्यास या कायद्याखाली गुन्हा होतो, तीच साताऱ्याच्या कैकाड्याला दिल्यास होत नाही. 'उपरा'चा लेखक सातारा जिल्ह्यातला. त्याच्या पुस्तकाचा गौरव झाला; त्याच्या समाजाला संरक्षण मिळाले नाही. शब्द कोणी उच्चारावा यावर तावातावाने वाद घालणाऱ्यांनी या फटीकडे जरूर पाहावे.

असे असले तरी हा अधिकार जन्मसिद्ध वतन मानणेही चूक ठरेल. पहिली गोष्ट, शोषितांमध्येही उतरंड आहे. एका अनुसूचित जातीच्या माणसाने तिच्याहून खालची मानलेल्या जातीच्या माणसाला जातीवरून हिणवले तर ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. नैतिकतेच्या कक्षेबाहेर राहत नाही. समाजाच्या नावाने अभिमान सांगणारा पुरुष त्याच समाजातील स्त्रीला तिच्या जातीवरून आणि देहावरून शिवी देतो तेव्हा तो शब्द परत मिळवलेला नसतो, नव्याने मारलेला असतो.

दुसरी गोष्ट, कोणता शब्द घ्यावा याबद्दल खुद्द पीडितांत एकमत असतेच असे नाही. 'हरिजन' हे नाव वरून मिळाले. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विधेयकात तो शब्द बहुमताने कायम ठेवला गेला, तेव्हा आंबेडकर व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. गोड नावदेखील न विचारता दिले तर ते लादलेलेच असते. १९७२ मध्ये दलित पँथरने 'दलित' हा शब्द झुंजार केला. तरी १९५६ च्या धर्मांतरानंतर स्वतःला केवळ बौद्ध म्हणवणाऱ्यांना तो नको आहे. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वृत्तवाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणण्याची सूचना केली, तेव्हा मात्र हा घरातला वाद पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेला. पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले त्या अमेरिकी कृष्णवर्णीयांतही हाच वाद आहे. विनोदी कलावंत रिचर्ड प्रायरने गोऱ्यांची ती कुप्रसिद्ध शिवी आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या नावांत घातली आणि १९७९ मधील आफ्रिकेच्या प्रवासानंतर ती कायमची टाकली. २००७ मध्ये एनएएसीपी या त्यांच्या जुन्या संघटनेने डेट्रॉइटमध्ये त्या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. नंतरही अनेक तरुण गायकांनी तो सोडला नाही. हा निवाडा त्यांनी त्यांच्यात करायचा आहे.

मग वरच्या वा मधल्या जातीत जन्मलेल्या कार्यकर्त्याने काय करावे? पुस्तकाचे नाव घ्यावे, अभ्यासवर्गात त्यावर बोलावे, शब्दाचा इतिहास सांगावा. त्यात संकोचाचे कारण नाही. पण एकत्र मोर्चे काढले, एका ताटात जेवलो, म्हणून सहकाऱ्याला त्या शब्दाने हाक मारण्याचा परवाना मिळाला असे समजू नये. सहकारी हसून सोडून देतो याचा अर्थ त्याची संमती आहे असा नसतो. पुष्कळदा तो चळवळीतले स्नेह जपत असतो. पक्षाच्या पत्रकांतून आणि भाषणांतून 'भामटा', 'बेरड', 'घिसाडघाई' हे शब्द तरी आजच जाऊ शकतात. लुच्चा, लबाड, निगरगट्ट, उतावळेपणा असे शब्द मराठीत मुबलक आहेत. ते वापरल्याने भाषेचे काहीही बिघडत नाही.

एवढ्यावर थांबले तर ते शिष्टाचाराचे राजकारण होईल. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. परंतु महारवाड्याचे समतानगर झाले तरी रस्ता, पाणी आणि घराखालच्या जमिनीची मालकी हे प्रश्न राहतातच. पालात राहणाऱ्या कुटुंबाला घराचा उतारा, मुलाला जातीचा दाखला, चोरी झाली की प्रथम त्याच वस्तीवर पडणारी पोलिसांची धाड बंद होणे, आणि विमुक्तांना अपमानाविरुद्ध कायद्याचे संरक्षण, या मागण्या घेऊन पक्षाच्या शाखांनी तहसील कचेरीवर गेले पाहिजे. 'उचल्या' या शब्दाने कोणाचीही चौकशी होत नाही, कोणाचेही काम जात नाही, अशी अवस्था आली तर तो शब्द कोणी उच्चारावा हा वाद उरणार नाही. तोवर तो उच्चारण्याचा हक्क त्याची किंमत भरणाऱ्यांकडेच राहील, आणि समतावाद्यांनी त्याबद्दल तक्रार करू नये.