‘नैसर्गिक’ शब्दाची परीक्षा

अकोल्यातील एका कुटुंबाची हकिगत २०२३ च्या जानेवारीत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि चार दिवसांच्या चर्चेनंतर विस्मृतीत गेली. एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनी चेहरा उजळविणारे एक क्रीम स्थानिक ब्यूटी पार्लरमधून घेतले होते. काही महिन्यांतच तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांनी कारणाचा शोध घेतला, क्रीमची तपासणी करवून घेतली, तेव्हा त्यात पारा आढळला. दहा लाख भागांत एक भाग एवढीच मर्यादा असताना या क्रीममधील प्रमाण हजारांच्या घरात होते. एकाच घरातील तिघी आजारी पडल्या, म्हणूनच संशयाची सुई अन्नपाण्यावरून क्रीमच्या डबीकडे वळली. एकटीदुकटीला त्रास झाला असता, तर कदाचित कारण कधीच कळले नसते.

ही घटना वऱ्हाडातील आहे, एवढ्यानेच तिची नोंद घ्यायची नाही. सौंदर्यप्रसाधनांतील घातक द्रव्ये म्हटली की सुशिक्षित मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे परदेशी कंपन्या, त्यांच्या भडक जाहिराती आणि रंगीबेरंगी बाटल्या उभ्या राहतात. अकोल्यातील क्रीम कोणा बहुराष्ट्रीय कंपनीने विकले नव्हते. ते ओळखीच्या हातांनी, विश्वासाच्या नात्याने घरात आले होते. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ हे प्रथिन आढळले आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरीत असल्याचे निष्पन्न झाले. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळल्यासारखा वाटतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. झपाट्याने येणारा गोरेपणा हीच खरे तर धोक्याची पहिली खूण मानली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘केमिकल-फ्री’ या शब्दांची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. पारा, शिसे आणि आर्सेनिक हे तिन्ही पदार्थ निसर्गातूनच येतात. उलट पाणी आणि मीठ हीही रसायनेच आहेत. तेव्हा ‘रसायनमुक्त साबण’ ही गोष्ट अस्तित्वात असू शकत नाही. तेलाशी कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीची अभिक्रिया झाल्याखेरीज साबण होतच नाही. प्रश्न रसायन आहे की नाही हा नसून ते कोणते, किती आणि कशासाठी, हा आहे. हा विवेक सुटला की भोळी श्रद्धा आणि अनाठायी भीती या दोहोंचाही व्यापार करता येतो.

आपल्या पूर्वजांकडे हा विवेक होता, तो कसा, हे समजून घेण्यासाठी दर्यापूरसारख्या गावाचे उदाहरण उपयोगी पडेल. पूर्णेच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त आहे. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो. तो केसांत बसतो, कपड्यांवर बसतो. शहानूर धरणाचे पाणी नळाने येण्यापूर्वी या भागातील गृहिणींनी हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. रिठा आणि शिकेकाई यांमध्ये सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फेस क्षारयुक्त पाण्यातही मोडत नाही, साकाही धरत नाही. केस धुण्यासाठी रिठा-शिकेकाई वापरण्याचा आजीचा आग्रह म्हणजे जुनाटपणा नव्हता. तो त्या पाण्याला दिलेला योग्य उत्तराचा आविष्कार होता.

कृत्रिम शाम्पूने हीच अडचण वेगळ्या मार्गाने सोडविली. सोडियम लॉरिल सल्फेटसारखी द्रव्ये जड पाण्यातही भरपूर फेस देतात. परंतु फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. या द्रव्याने त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धता अधिक प्रमाणात निघून जाते. कोरड्या आणि नाजूक त्वचेच्या लोकांना खाज व जळजळ होते. त्याचे भावंड असलेले लॉरेथ सल्फेट तुलनेने सौम्य असते. दोघांनाही सरसकट विष म्हणणे जसे चूक, तसेच तान्ह्या मुलाच्या अंगाला वाटेल तो फेस फासणे हेही चूक.

जुन्या पद्धतीतील आणखी एक शहाणपण तर फारसे कोणी ध्यानातच घेत नाही. उटणे कोरडे असे. शिकेकाई कुटून डब्यात भरलेली असे. तिळाच्या तेलात पाणी नसे. दुधात किंवा पाण्यात कालवायचे ते अंघोळीच्या वेळी आणि तेवढेच. जेथे पाणी नाही तेथे जिवाणू आणि बुरशी सहसा वाढत नाहीत; म्हणून परिरक्षकाची गरजही पडत नसे. आज तेच कोरफड, कडुनिंब आणि हळद पाण्यासह बाटलीत भरून दोन वर्षे टिकवायचे म्हटले की परिरक्षक घालावेच लागते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शाम्पूत परिरक्षक नाही, असे कोणी सांगत असेल, तर एक तर ते सांगणे खोटे असते किंवा बाटलीतील द्रव नासण्याच्या मार्गावर असतो.

परिरक्षके सगळीच सारखी नसतात. काहींमधून हळूहळू फॉर्माल्डिहाइड सुटते. ‘डीएमडीएम हायडँटॉइन’ आणि ‘क्वाटर्नियम-१५’ ही त्यांची नावे. फॉर्माल्डिहाइडला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या वर्गात घातले. ‘मेथिलआयसोथायझोलिनोन’मुळे त्वचेची ॲलर्जी वाढू लागल्यावर अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनांत युरोपने २०१७ पासून त्यास मनाई केली. पॅराबेन वर्गातील पाच द्रव्यांना तेथे २०१४ मध्ये बंदी झाली, काहींवर प्रमाणाची मर्यादा आली, तर काही अद्याप मान्य आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यांना जंतुनाशक साबणांतून हद्दपार केले. साध्या साबणापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. आपल्याकडे ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात पीपीडी हे केशरंगाचे द्रव्य मिसळलेले असते आणि लग्नसराईत हातावर फोड उठलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात. मेंदीचे पान हिरवे, तिचा रंग तांबूस-नारिंगी. तासाभरात काळाभोर रंग देणारी मेंदी निव्वळ मेंदी नसते.

कुंकवाची गोष्ट याहून जिव्हाळ्याची आहे. हळकुंड, चुना अथवा लिंबू यांच्या संस्कारातून लाल होणारे कुंकू हा आपल्या घरांचा संस्कार. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत न्यू जर्सी आणि भारतातून घेतलेले सिंदुराचे ११८ नमुने तपासले. त्यांतील बहुसंख्य नमुन्यांत शिसे मोजण्याइतपत आढळले, काहींत ते अतिशय जास्त होते. देवीच्या पायी वाहिलेले आणि तान्हुल्याच्या कपाळी लावलेले चिमूटभर कुंकू शुद्ध असावे, ही मागणी श्रद्धावंतांनी करायची नाही तर कोणी करायची? श्रद्धेचा अवमान भेसळ करणाऱ्याने केलेला असतो. भेसळ दाखवून देणाऱ्याने नव्हे.

मात्र परीक्षा करायची ती पुराव्याने. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडले. प्रथम संशय गेला तो पाण्यावर आणि बुरशीच्या संसर्गावर. पुढे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रुग्णांचे आणि धान्याचे नमुने तपासून घेतले, तेव्हा रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले गेले. डोळ्यांसमोर दिसणारे कारण नेहमीच खरे नसते, हा त्याचा धडा. सौंदर्यप्रसाधनांबाबत मोबाइलवर फिरणाऱ्या दर दुसऱ्या संदेशाला हाच निकष लावला पाहिजे.

येथे स्वदेशीच्या कार्यकर्त्यांची जबाबदारी विशेष आहे. दिवाळीच्या सुमारास गावोगावी महिला बचत गट उटणे, साबण, तेल तयार करतात. हा उद्योग वाढलाच पाहिजे. वऱ्हाडात हरभरा आहे, मूग आहे, तीळ आहे. कच्चा माल दाराशी आहे. परंतु आपल्या माणसाने केले म्हणून तपासणी नको, ही सवलत स्वदेशीला मारक ठरते. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनविण्यास परवाना लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार वेष्टनावर घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक आहे. ग्राहकाने पानाफुलांचे चित्र पाहण्याऐवजी हीच बारीक अक्षरे वाचावीत. सुरुवातीला पाणी व सल्फेट आणि तळाशी कोठेतरी कडुनिंब असेल, तर ते उत्पादन कडुनिंबाचे नव्हे. ज्या डबीवर निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक नाहीत, ती कितीही ओळखीच्या हातून आली तरी परत करावी. साबणाच्या बाबतीत ‘टीएफएम’ हा आकडा पाहावा. पहिल्या श्रेणीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असतो.

कायद्याचे पाठबळही आता पुरेसे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय प्राधिकरण निर्माण केले. त्याच प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ असे मोघम शब्द स्पष्टीकरणाविना वापरण्यास त्यांनी आळा घातला आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा यांपैकी एकही हत्यार हाती नव्हते. होती ती जागृत ग्राहकाची कल्पना. आज हत्यारे आहेत आणि जागृती मात्र जाहिरातीच्या स्वाधीन झाली आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे एक लेखी तक्रार करणे, शाळेत मुलांना वेष्टन वाचायला शिकविणे, हळदीकुंकवाच्या निमित्ताने जमलेल्या भगिनींना अकोल्याची हकिगत सांगणे, ही कामे कोणत्याही शाखेच्या, मंडळाच्या वा गटाच्या आवाक्यातील आहेत.

दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. परीट कुळात जन्मलेल्या या संताने ऋणमोचनला पूर्णेकाठी घाट बांधला आणि आयुष्यभर हाती खराटा धरला. त्यांच्या स्वच्छतेत गोरेपणाला स्थान नव्हते, सुगंधाला नव्हते आणि फसवणुकीला तर नव्हतेच. गावाचा केर काढण्याइतकेच माणसाच्या डोक्यातील केर काढण्याचे काम त्यांनी मोठे मानले. सावळी कांती कमीपणाची आहे, हा असाच एक केर आहे आणि पाऱ्याच्या डबीला गिऱ्हाईक मिळते ते त्यामुळेच. तो केर निघाला, तर अर्ध्या विषाचा बाजार आपोआप उठेल. उरलेल्या अर्ध्यासाठी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय प्रत्येक घराने लावून घेतली पाहिजे.